पाय भारी

चालत जायचं, असं बबितानं रात्रीच ठरवलं होतं. उडी मारायची नाही. वाकायचं, तळवे फरशीवर टेकायचे, आधी उजवा पाय मागं न्यायचा, मग डावा. नवी माणसं करतात, गुडघे दुखणारी करतात, तसं. ठरवून ती झोपली, सकाळी तेच घोकत स्कूटीवर बसली, योगाचा क्लास भरायचा त्या मंगल कार्यालयाचा जिना चढतानाही तेच. आणि सूर्यभान सरांनी पहिल्याच सूर्यनमस्काराला ‘चत्वारि’ म्हटलं मात्र, तिचे पाय उडाले. तिनं उडवले नाहीत हो, ते उडाले. क्षणभर सगळं अंग दोन तळव्यांवर, कंबर वर, पोट आत ओढलेलं, आणि मग पाय मागं जाऊन पडले, कुणाला आवाजसुद्धा आला नाही. अकरा वर्षांची सवय ती. तिला कोण विचारतं? ‘पञ्च’ला छाती वर आली, ‘षट्’ला कंबर वर गेली, आणि डोकं खाली लोंबकळायला लागलं तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं, की आपण काय करून बसलो.

षट्‌ला पाच श्वास थांबायचं असतं. हात-पाय जमिनीवर, मधे माणसाचा डोंगर. सर सावकाश मोजतात, भिंतीच्या कडेनं येरझारा घालत. बबिताच्या डाव्या हाताला चंद्रभान होते, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांना ‘षट्’ हे कायम ‘सट’ ऐकू यायचं, आणि सट म्हणजे सटकन, म्हणून डोंगर पुरता व्हायच्या आतच ते पुढं उडी मारून मोकळे व्हायचे. सरांनी वर्षभर समजावलं, मग नाद सोडला. आजही त्यांचे पाय धप्प करून पुढं आले आणि एरवी हसू दाबणाऱ्या बबिताला त्या धप्पचा राग आला. तिचा सगळा जीव पोटात जाऊन बसला होता. काही ओढलं गेलं का? बेंबीखाली ओलसर लागतंय तो घामच आहे ना? मांड्यांच्या फटीतून मागचं जग उलटं दिसत होतं: पंगतीच्या टेबलांची चळत, पाण्याच्या स्टीलच्या टाक्या, कालच्या लग्नातला, भिंतीला चिकटून राहिलेला एक फुगा. फरशीला अजून वरणाचा वास होता. दुखत काही नव्हतं. पण तेव्हाही आधी काही दुखलं नव्हतंच.

तेव्हा म्हणजे दोन वर्षांमागं. तिसरा महिना संपत आला होता. ती क्लास करून आली, अंघोळ केली, कणीक मळायला बसली, आणि परातीवर वाकलेली असताना आत काहीतरी सुटलं. एवढंच. दवाखान्यात नेईस्तोवर सगळं आटोपलं होतं. तिला शुद्ध होती, सगळं कळत होतं, पंख्याच्या पात्यांवरची जळमटंसुद्धा तिनं बघून ठेवली. दुपारी सासू आली. कुसुमबाई. वालूरहून मिळेल त्या गाडीत चेंगरून आलेली, घामाघूम, पदरानं तोंड पुसत ती खाटेपाशी उभी राहिली आणि म्हणाली, “उड्या मारून मारून पाडलं लेकरू.” ओरडून नाही, भांडून नाही. दळण आणलं का, असं विचारावं त्या आवाजात. संध्याकाळी डॉक्टरीणबाई तपासायला आल्या तेव्हा बबितानं सासूच्या देखत मुद्दाम विचारलं, की उड्यांनी असं होतं का? बाई म्हणाल्या, छे, बीच धड नसतं पुष्कळदा. जे राहायचं नसतं ते बसल्या जागीही जातं. हे वाक्य बबितानं जे धरलं ते धरलं. नवऱ्याला ऐकवलं, नणंदेला ऐकवलं, शेजारणीला न विचारता ऐकवलं. महिन्याभरात ती परत क्लासला आली आणि आधी मारायची त्याहून हलकी, त्याहून लांब उडी मारायला लागली. सर खूश झाले. त्यांना काय ठाऊक, की प्रत्येक उडी ही वालूरच्या एका बाईला दिलेलं उत्तर आहे.

आणि आता चालायचं? तिसऱ्या का चौथ्या श्वासाला तिच्या मनात पुन्हा तेच सुरू झालं, रात्रभर जे चाललं होतं ते. आज पाऊल टाकून मागं जायचं, म्हणजे सासू खरं बोलली होती असं आपल्याच पायांनी कबूल करायचं. म्हणजे उडीनंच गेलं ते. म्हणजे मीच पाडलं. बरं, नाही चालायचं, उडी मारायची, तर मग पोटात जे काही हरभऱ्याएवढं धरून बसलंय त्याला पणाला लावायचं, आणि कशापायी, तर सासूसमोर आपला शब्द खाली पडू नये म्हणून. दोन्हीकडून लाजच. सिद्धोधनला, तिच्या नवऱ्याला, तिनं हे सगळं सांगून पाहिलं. सेलूच्या तहसिलीत कारकून तो, रोज सकाळच्या गाडीनं जातो, रात्री येतो, स्वभावानं गाय. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तू ठरव. तुझ्या मनाविरुद्ध मी काही म्हणणार नाही.” किती समजूतदार नवरा. तिला तेव्हा त्याच्या अंगावर उशी फेकावीशी वाटली होती. डॉक्टरीणबाईंनी या खेपेला सांगितलं, रोजचं सगळं चालू ठेवा, फक्त जे करताना भीती वाटते तेवढं सोडा. हेही बरं. भीती उडीची वाटायलीय का न मारलेल्या उडीची, हे त्या बाईंना कुणी विचारावं? त्यात कुसुमबाई आठवड्यापासून इथंच. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यांवर काळा चष्मा, दिवसभर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी पाट घेऊन बसते. डोळे झाकलेले, पण बबिताला वाटायचं की म्हातारी आता जास्तच बघायलीय. तिला सांगितलेलं नव्हतं. सांगायचं नव्हतं. तीन महिने जाऊ देत, मग बघू.

“सप्त,” सर म्हणाले. सगळ्यांचे पाय हवेत गेले आणि त्या गडबडीत, मागच्या रांगेत, बबितानं उजवं पाऊल पुढं टाकलं, मग डावं. कुणी पाहिलं नाही. दुसऱ्या नमस्काराच्या चत्वारिला तिनं पायांना अक्षरशः दम भरून धरलं, आणि एकेक करून मागं नेलं. अंगठा फरशीवर खरखरला. केवढा तो आवाज, तिला वाटलं सगळ्या हॉलनं ऐकला. पाऊल परकं लागत होतं, उसन्या चपलेत घातल्यासारखं. चला, झालं, मारली नाही उडी. हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी मनात कुसुमबाईचा तो सपाट आवाज म्हणाला, बघ.

सरांना यातलं काही कळणं शक्य नव्हतं, आणि कळलं असतं तरी त्यांनी काय केलं असतं, देव जाणे. माणूस करारी. मूळचे नगरकडचे, परभणीत शाळेत कवायतीचे मास्तर म्हणून आले आणि इथलेच झाले. लग्न केलं नाही. तरुणपणी कधीतरी म्हैसूरला जाऊन राहिले, तिथं एका गुरूपाशी हे अष्टांग शिकले, आणि तेव्हापासून एकच धोशा: “आसनात काय हाय? आसनात मढंबी बसतंय. एका आसनातून दुसऱ्यात कसे जाता, ते दाखवा मला.” त्यांच्या लेखी योग तो मधेच होता, आणि मधे थांबायचं नाही. कुणी दोन आसनांमधे गुडघा टेकून दम खायला लागलं, की सर टाळी वाजवायचे: “पिंगळीला उतरू नका, परभणीला यायचंय.” पिंगळी परभणीच्या अलीकडचं स्टेशन, नांदेडकडून येणारी माणसं तिथं डबे आवरायला घेतात. त्याच गुरूपाशी, त्याच फरशीवर सेलूच्या नर्मदाबाई शिकल्या होत्या, आणि त्यांचं म्हणणं नेमकं उलटं. त्या म्हणायच्या, श्वास तुटला नाही म्हणजे झालं, पाय रांगत का जाईनात. मधेच थांबलं नाही तर माणसाला कळणार कधी की आपण कुठं आहोत? दोघं एकेकाळी एकमेकांच्या क्लासला जायचे, आता नावही घेत नाहीत. बबिता एकदा सेलूला जाऊन नर्मदाबाईंचा क्लास करून आली होती. तिला तो म्हातारपणासारखा वाटला होता. सगळे आपले हळूहळू, पाऊल मागं, पाऊल पुढं, श्वासांचा नुसता सुस्कारा.

कारण उडी ही तिची होती. आयुष्यात दुसरं काही इतकं तिचं नव्हतंच. परभणीत पहिल्यांदा ती एका दुसऱ्या क्लासला गेली होती, तिथं चार बायांनी आधी आडनाव विचारलं, आणि मग कुणी कुठं सतरंजी टाकली ते तिनं बघून घेतलं. परत गेली नाही. सूर्यभान सरांनी आडनाव विचारलंच नाही. त्यांनी पाय बघितले. म्हणाले, “पोरी, तुझी कंबर हलकी हाय, तू उडशील.” आणि ती उडाली. वर्ष लागलं, मनगटं सुजली, दोनदा तोंडावर पडली, पण एका सकाळी पाय उचलले ते हवेतच राहिले, एक श्वासभर, कुणाच्या बापाचं देणं नसल्यासारखे. ती घरी येऊन सिद्धोधनला सांगत बसली होती, चहा उतू गेला तरी. ते सोडायचं. ते सोडून फरशीवर अंगठे खरडत मागं जायचं, आणि वर ते सासूच्या सांगण्यावरून.

“थांबा,” सर म्हणाले. तिसरा नमस्कार अर्ध्यावर होता. सगळे उभे राहिले. आज पुढच्या रांगेत नव्या बाया होत्या, विद्यानगरातल्या, पंजाबी ड्रेसच्या ओढण्या कमरेला बांधून आलेल्या; त्यांतली एक चतुराबाई, अंगणवाडीची सेविका, अंगानं भरलेली, आल्यापासून हाशहुश करत होती. चत्वारिला त्या चौघी-पाचजणींनी जे काही केलं होतं त्याला उडी म्हणता येत नव्हतं, ती पडझड होती. सरांनी कपाळाला हात लावला. मग मागं बघितलं.

“बबिता, पुढं ये. ह्यांना उडी दाखव.”

यात नवीन काही नव्हतं. कुणी नवं आलं की सर बबितालाच बोलवायचे. ती गेली की म्हणायचे, बघा, कापूस उडतोय का न्हाई. ती निघाली. मागच्या रांगेतून पुढं यायला कितीसा वेळ लागतो? पण चालता चालता तिला वाटलं, की आता पायऱ्या उतरून निघून जावं, स्कूटी काढावी. काय सांगायचं? पोटात दुखतंय? नको, ते शब्द तोंडातून काढायला नकोत. मनगट मुरगळलंय? सर मनगट हातात घेऊन बघतील. पाळी आलीय, असं सांगितलं तर सर मान खाली घालून ‘बस, बस’ म्हणतील, ही युक्ती सगळ्या बायांना ठाऊक होती. पण तेच खोटं, आजच्या दिवशी, तिच्या जिभेवर येईना. ती पुढं जाऊन उभी राहिली. चतुराबाई तिच्या पायांकडं बघत होती, कौतुकानं आणि धास्तीनं. बाजूला ऋतिका, कॉलेजातली, तिनं मोबाइल काढून धरला होता.

“मोबाइल ठेव,” सर म्हणाले. “डोळ्यानं बघ. एकम्.”

हात वर. खिडकीतून स्टेशनरोडवरचा सकाळचा गलका येत होता, कुणीतरी रिक्षावाला नुसताच हॉर्न दाबून बसला होता. “द्वे.” ती वाकली. पोट मांड्यांना लागलं, आणि तिला वाटलं की आत कुणीतरी दचकलं. वाटलं नुसतं, एवढ्या लवकर काही कळत नसतं. “त्रीणि.” मान वर. समोर चतुराबाईची जाड, भेगाळलेली पावलं. अजूनही मारता येईल. एकच तर. मघाशी एक मारलीच आहे, काय झालं? दोन वर्षं रोज शेकड्यानं मारल्या. डॉक्टर म्हणतात काही होत नाही, मीच सगळ्या जगाला सांगत फिरले की काही होत नाही, आणि आता माझ्याच तळपायांना घाम सुटलाय. मग मी खोटं बोलत होते का? का खरं बोलत होते आणि आज भित्री झाले?

“चत्वारि.”

तिचे तळवे टेकलेले होते. पाय होते तिथंच होते.

“चत्वारि,” सर पुन्हा म्हणाले, जरा चढ्या आवाजात, ऐकू आलं नसेल असं समजून.

तिनं उजवा पाय उचलला आणि मागं नेऊन ठेवला. आणि तिथंच थांबली. एक पाय पुढं, एक मागं, मधे ती. उडीत ही जागा नसते. उडीत माणूस इथं असतो आणि मग तिथं असतो, मधलं काय ते हवेत संपून जातं, म्हणून तर ती तिला एवढी आवडायची. आता अशी अधेमधे ओणवी असताना तिला एकाएकी कळलं, की त्या पहिल्या लेकरासाठी ती कधी रडलीच नव्हती. सवडच मिळाली नव्हती. दवाखान्यातून घरी आली तीच वाद घालत आली, घातला नाही तेव्हा मनात घातला, डॉक्टरचं वाक्य सगळ्यांच्या तोंडावर मारत राहिली, आणि खटला चालू असताना कुणी रडत नसतं. तो खटला ती जिंकली होती. लेकरू गेलेलंच होतं. एवढी साधी गोष्ट, आणि ती तिनं आज ऐकली, सगळ्या क्लाससमोर, ढुंगण वर करून. तिच्या नाकाच्या शेंड्यावरून एक थेंब फरशीवर पडला. घाम म्हणून खपून गेला असता.

“काय बबिता,” सर म्हणाले, “पाय भारी झाले का?”

हॉल खदखदला. हे सरांचं ठरलेलं वाक्य. कुणाचे पाय आपटले, अडले, की सर हेच विचारायचे. इकडं, निजामाच्या जुन्या मुलखात, बाईचे पाय भारी झाले म्हणजे तिला दिवस गेले, हे त्यांना एवढ्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. ब्रह्मचारी माणसाला बायांनी असलं सांगावं तरी कसं. ते चंद्रभानांना असं म्हणाले की बाया तोंडात ओढणी कोंबायच्या आणि सरांना वाटायचं, आपला विनोद जमला. बबिताही हसायची. सगळ्यांत आधी तीच हसायची.

“हो सर,” ती म्हणाली. मान खालीच होती, आवाज फरशीवर आपटून वर आला. “भारी झालेत.”

हशा दुप्पट झाला. हे आणखी भारी झालं, कुणी सरांना असा जवाब कधी दिला नव्हता. मग एका बाजूनं तो ओसरायला लागला. आधी चतुराबाई थांबली; ती जवळ होती, तिला थेंब दिसले असतील. तिनं शेजारणीला कोपर मारलं. शेजारणीनं मागं बघितलं. शेवटी एकटे चंद्रभान हसत राहिले आणि मग तेही गप्प झाले.

सरांना अजून पत्ता नव्हता. “मग उचल की,” ते म्हणाले.

“नाही उचलणार.”

“म्हंजे? पिंगळीला उतरणार?”

“उतरणार, सर. आज मी इथंच उतरणार.”

अकरा वर्षांत ती सरांना असं कधी बोलली नव्हती. सरांच्या मानेची शीर फुगलेली तिला न बघताही कळत होती. तिला भीती वाटली, खरी भीती, पोटातली नव्हे तर ती शाळेतली, मास्तर आता काय म्हणतील ही. चालती हो, म्हणतील. म्हणाले तर जाऊ. एकेक पाऊल टाकत जाऊ. पुढचा, डावा पाय तसाच धरून ती वाट बघत राहिली.

“सर, म्होरं मोजा की,” चतुराबाई म्हणाली. पहिल्याच दिवशी आलेली बाई. “लेकीनं कवाचा श्वास धरलाय. ती दोन जिवांची हाय.”

खाली रिक्षावाल्यानं हॉर्न सोडला होता. बबितानं मान जराशी वळवली तेव्हा सर तिच्याकडं बघत नव्हते, बायांकडं बघत होते, एकेका तोंडाकडं, आणि त्यांचे कान हळूहळू लाल होत गेले. इतक्या वर्षांतले सगळे विनोद त्यांना एकदमच समजत असावेत. त्यांनी घसा खाकरला. मग ते खिडकीकडं तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, “डावा पाय. सावकाश.”

तिनं डावा पाय मागं नेला आणि धरलेला श्वास सोडला.

त्यानंतर सरांनी तिच्याकडं पाहिलं नाही. पण पुढच्या नमस्काराला त्यांचं ‘चत्वारि’ एवढं लांबलं, की त्यात एक पाय जाऊन दुसरा जाईल एवढी जागा होती. नव्या बाया बबिताचं बघून पावलं टाकत मागं गेल्या, पडझड झाली नाही. मागच्या रांगेतले उडी मारणारे त्या लांब मोजणीत घोटाळले, कुणी आधीच जाऊन पोचलं, कुणी उडी अर्ध्यावर रद्द केली. तालच गेला क्लासचा. बबिता शवासनाला थांबली नाही, चटई गुंडाळून निघाली. जिन्यात ऋतिका मागून पळत आली आणि “ताई, अभिनंदन” म्हणाली, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की हे आता घरी जाईपर्यंत गावभर होणार. विद्यानगरात कुसुमबाईच्या भावकीतली दोन घरं होती. परक्याच्या तोंडून म्हातारीच्या कानावर जायच्या आत आपण पोचायला पाहिजे.

स्कूटी तिनं खड्डे चुकवत, सायकलवाल्यासारखी हळू आणली. प्रत्येक खड्ड्याला पोट. घराचं दार उघडं होतं. सिद्धोधन गाडीला गेलेला. कुसुमबाई उंबऱ्यापाशी पाटावर, काळा चष्मा लावून, हातांनीच चाचपून लसूण सोलत बसली होती.

“आत्या,” बबिता दारातूनच म्हणाली. पुढचं सगळं वाटेत जुळवून ठेवलं होतं, ते एकदम बाहेर आलं. “मला दिवस गेलेत. तुम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं, न्हाई सांगितलं. आज मी उडी मारली न्हाई. एक मारली, ती चुकून गेली, बाकी न्हाई मारल्या. पण मागचं उड्यांनी गेलं न्हाई. हे तुमी मनातून काढून टाका. मी भ्यालेय म्हणून चालत गेले, तुमचं खरं हाय म्हणून न्हाई.”

कुसुमबाईचे हात थांबले. “न्हाईच गेलं उड्यांनी,” ती म्हणाली.

बबिताला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. दोन वर्षं जिच्याशी भांडायचं म्हणून कंबर कसून ठेवली, ती बाई समोरून बाजूलाच झाली, आणि तोल जावा तसं तिला झालं. ती दाराच्या चौकटीला धरून खाली बसली.

“मग म्हणलात कशाला तसं?”

“मला तसंच म्हणले व्हते.” कुसुमबाई लसणाची पाकळी बोटांत फिरवत राहिली. “ऊस तोडायला जायचो आमी, कारखान्याच्या तळावर. सिद्धूच्या आधी दोन गेले माझे. सासू म्हणली, मोळी उचलली म्हणून गेलं. आता तूच सांग, मोळी उचलल्याबिगर तिथं कोण ठेवून घेतंय? पर ते ऐकून मला बरं वाटलं व्हतं गं. वाटलं, कायतरी कारण तरी हाय. मोळी नसती उचलली तर ऱ्हायले असते, आसं म्हणायला तरी येतंय. उगंच गेले म्हणलं तर मग जीव कशाला धरून ऱ्हायचा? तू खाटंवर पडलेली, डोळे उघडे, रडंना का बोलंना. मला दुसरं काय द्यायला यीना. मला दिलं व्हतं तेच दिलं.”

बाहेर कुणीतरी घंटागाडीत कचरा टाकत होतं, गाडीवाला थांबला, गेला. बबितानं राग करायचा म्हटलं तर सापडेना, जिथं ठेवला होता तिथं नव्हता. ती सरकत सरकत पाटापाशी गेली आणि परातीतला लसूण सोलायला लागली, नुसतं हातांना काम म्हणून. तिच्या गालांवरून पाणी चाललं होतं, ते तिनं पुसलं नाही; म्हातारीला दिसत नाही असं तिला वाटलं.

“रड,” कुसुमबाई म्हणाली. मग जरा चाचरत, “मी माझ्यातल्या थोरलीला मनातल्या मनात पारू म्हणायचे. पोरगीच व्हती का, ते कुणी सांगितलंबी न्हाई. तरी म्हणायचे. तू काय म्हणायचीस तुझ्याला?”

दोन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. बबितानं हातातली पाकळी परातीत टाकली, आणि तिनं नाव सांगितलं.